इंग्रजी जोडशब्द वर्णानुक्रमाने नको, शब्दकुळाने शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या अनेक मराठी शाळांत इंग्रजी जोडशब्द आणि वाक्प्रचार अजूनही वहीत दोन रकाने आखून पाठ करून घेतले जातात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे एकच मराठी अर्थ, आणि सगळे वर्णानुक्रमाने. परीक्षा झाली की हे विसरले जाते, कारण एका ओळीचा दुसरीशी काही धागाच नसतो. त्याऐवजी एक ओळखीचा शब्द धरून त्याचे सगळे कुळ एकत्र शिकवावे, असा आमचा आग्रह आहे. ‘हँड’ घेऊन ते कसे करता येते, ते इथे मांडतो.

पहिल्या तासाला वाक्प्रचार घेऊ नयेत. फळ्यावर हँडमेड, हँडबॅग, हँडरेल, हँडबुक, हँडलूम असे सात-आठच शब्द लिहावेत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: इथे हाताचे काम काय? हँडमेड म्हणजे हाताने केलेले, हँडबॅग हातात धरायची, हँडरेल हाताला आधार देणारा जिन्याचा कठडा. मराठीच्या तासाला ‘तोंडपाठ’चा विग्रह ‘तोंडाने पाठ’ असा करणाऱ्या मुलांना हे अवघड जात नाही. हँडलूमपाशी थोडे थांबावे. मराठीत हातमाग, कन्नडमध्ये कैमग्ग. तिन्ही भाषांनी शब्द सारखाच बांधला आहे, आणि वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकर वस्तीतल्या मुलांना मागाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

अशा शब्दांत वस्तू कोणती ते शेवटचा शब्द सांगतो. म्हणून ‘हँड’ शेवटी गेला की त्याचा अर्थच बदलतो. फार्महँड म्हणजे शेतमजूर, डेकहँड म्हणजे जहाजाच्या डेकवर काम करणारा. ‘कामाला हात कमी पडतात’ म्हणताना आपणही हात याच अर्थाने वापरतो. घड्याळातला हँड म्हणजे काटा, त्यामुळे ‘सेकंड हँड’ हा सेकंदकाटाही असतो आणि वापरलेली वस्तूही. केळ्यांचा हँड म्हणजे फणी. शॉर्टहँडमध्ये मात्र हँड म्हणजे हस्ताक्षर, म्हणून ती लघुलिपी. ‘शॉर्ट-हँडेड’ दिसायला तसाच, पण अर्थ ‘माणसे कमी असलेला’. ही जोडी शेजारीशेजारीच लिहावी. वेगवेगळ्या दिवशी शिकवली तर मुले हमखास गोंधळतात.

काही शब्दांचा विग्रह करायला जाऊच नये. हँडसमचा जुना अर्थ ‘हाताळायला सोपा’ असा होता, देखणा हा अर्थ नंतर आला. हँडिकॅप हा शब्द टोपी पुढे करून भीक मागण्यावरून आला असे पुष्कळदा सांगितले जाते, ते चुकीचे आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. त्यात पैजेचे पैसे टोपीत ठेवत आणि खेळणारे टोपीत हात घालत. ‘हँड इन कॅप’ असे त्याचे नाव होते. तिथून तो शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला, सरस घोड्यावर जादा वजन लादण्यासाठी वापरला जाऊ लागला आणि ‘अडचण’ हा अर्थ त्यानंतरचा. भिकेची गोष्ट लक्षात राहते खरी, पण तिच्यामुळे अपंग माणसाबद्दल एक वाईट चित्र मुलांच्या मनात बसते. ती वर्गातून कायमची जावी.

लेखनातली सर्वांत मोठी चूक ‘हँडओव्हर’ची. एकत्र लिहिला की तो नाम. क्रियापद हवे असेल तर ‘हँड’ आणि ‘ओव्हर’ हे दोन सुटे शब्द. मुले नामच क्रियापदाच्या जागी ठेवतात आणि मग भूतकाळाचा प्रत्यय लावायला जागा उरत नाही. प्रत्यय ‘हँड’ला लागतो: ‘ही हँडेड ओव्हर द कीज’. हँडआउटचेही तसेच. फरक कानालाही कळतो: नामात जोर ‘हँड’वर, क्रियापदात ‘आउट’वर. दोन्ही वाक्ये मोठ्याने म्हणून घ्यावीत.

लहान शब्द पुढेमागे लागून होणारे बदल सुटे शिकवून उपयोग नाही, पूर्ण वाक्यच द्यावे. ‘कॅश इन हँड’ म्हणजे हातातली रोकड, ‘द एक्झाम इज ॲट हँड’ म्हणजे परीक्षा तोंडावर आली, ‘अ डॉक्टर वॉज ऑन हँड’ म्हणजे डॉक्टर मदतीला हजर होते. ‘आउट ऑफ हँड’ला तर दोन अर्थ: भांडण ‘गॉट आउट ऑफ हँड’ म्हणजे हाताबाहेर गेले, पण अर्ज ‘रिजेक्टेड आउट ऑफ हँड’ म्हणजे विचारही न करता फेटाळला.

वाक्प्रचार तिसऱ्या तासाला, एका वेळी सहाच. जे मराठीशी जुळतात ते पटकन उरकावेत: रेड-हँडेड म्हणजे रंगेहाथ, ‘लेंड अ हँड’ म्हणजे हात देणे, ‘हँड टू माउथ’ म्हणजे हातावर पोट. खरा वेळ फसव्या जोड्यांना द्यावा. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ म्हणजे जबाबदारी झटकणे. आपले ‘हात धुऊन मागे लागणे’ अगदी उलट. ‘शो वन्स हँड’ म्हणजे मनातला बेत उघड करणे, कारण तिथे हँड म्हणजे हातातले पत्ते. आपण हात दाखवतो तो ज्योतिषाला, नाहीतर धडा शिकवायला. ‘शो ऑफ हँड्स’ म्हणजे हात वर करून मतदान, तर मराठीत हात वर करणारा माणूस असमर्थता सांगत असतो. ‘हँड्स डाउन’ जिंकणे हे मात्र मराठीतून कळणार नाही: घोड्यांच्या शर्यतीत विजय पक्का दिसला की जॉकी हात खाली सोडून लगाम सैल करतो, म्हणून सहज मिळालेला विजय.

आपल्या भागात तिसऱ्या भाषेचा, कन्नडचा, पेचही आहे. कन्नडमध्ये ‘कै कोडु’ म्हणजे शब्दशः हात देणे, पण अर्थ ऐनवेळी दगा देणे. मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या मुलाला ‘लेंड अ हँड’ शिकवताना हा फरक उघडपणे सांगावा. उलट कन्नड ‘कैगड’ आणि मराठी ‘हातउसने’ यांचा नेमका मेळ बसतो. कन्नड येणे ही इथल्या मुलांची जमेची बाजू आहे. इंग्रजीच्या तासाला ती वापरावी.

उजळणी आठवड्याने घ्यावी आणि मराठी वाक्य देऊन इंग्रजी विचारावे. इंग्रजी शब्द देऊन अर्थ विचारला तर मूल अंदाजाने सांगते आणि चूक झाकली जाते.

आपल्या विद्यार्थी पानावर दर आठवड्याला असा एकच शब्द द्यावा, ही विनंती. हँडनंतर ‘हेड’ घ्यावा, कारण त्यातही फसव्या जोड्या भरपूर आहेत: ‘लूज वन्स हेड’ म्हणजे घाबरून भान सुटणे, डोके फिरणे नव्हे. त्यानंतर हाउस, वॉटर, बॅक. पहिल्या पाच शब्दांचा मजकूर मराठी-कन्नड प्रतिशब्दांसह लिहून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
मराठी माध्यमाच्या शाळांतील इंग्रजीचे काही शिक्षक,
बेळगाव-खानापूर