उल्मला गेले होते, एकटीच

श्टुटगार्ट
२६ मे २०२६

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

शनिवारी फोनवर मी म्हटलं ना, की सोमवारी ऑफिसातल्या दोघींबरोबर उल्मला चाललेय, ते खोटं होतं. दोघी वगैरे कुणी नव्हत्या. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सोमवारची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली, तशी एक आईकडे गेली, दुसरी इटलीला. मी एकटीच गेले. आधी सांगितलं असतं तर आईनं रविवारची रात्र जागून काढली असती आणि बाबा, तुम्ही दर तासाला ‘कुठवर पोचलीस’ विचारलं असतंत. म्हणून जाऊन, सुखरूप परत येऊन, मग लिहितेय. रागवायचं ते आता रागवा.

बाबांसाठी आधी गाडीचं. माझा महिन्याचा ६३ युरोंचा पास आहे, त्यावर जलद गाड्या सोडून देशभर कुठंही हिंडता येतं. तेव्हा खिडकी पकडून सावकाश गेले. वाटेत गाइसलिंगेन नावाचं गाव लागतं आणि तिथून घाट सुरू होतो. अगदी कर्जतच! हा घाट १८५०चा, म्हणजे आपल्या बोरघाटाला तेरा वर्षांनी थोरला. चढ मात्र आपलाच जास्त, तुमचा ३७ मीटरला १ मीटर, यांचा ४४ला १ च्या आसपास. जड मालगाडीला इथंही मागून इंजिन लावतात. त्याला यांचा शब्द सरळसरळ ‘ढकलइंजिन’ असाच होतो, पण मी आपलं कर्जतसारखं बँकरच म्हणते. आमच्या गाडीला तसलं काही लागलं नाही, सुरसुरत चढली. पण ना तो थांबा, ना मागून बसणारा हलका धक्का, ना खिडकीतून आत येणारा वड्यांचा हात. डबाभर माणसं मुकाट बसलेली.

उल्मचं चर्च स्टेशनातून बाहेर पडलं की लगेच डोळ्यांत भरतं. उंची १६१.५ मीटर. १३७७ साली पाया घातला आणि कळस चढला १८९०मध्ये. मध्ये तीनशेच्या वर वर्षं काम बंदच होतं. (बाबा, आपल्या सोसायटीच्या लिफ्टबद्दल यापुढे तक्रार करायची नाही.) १३५ वर्षं हे जगातलं सगळ्यात उंच चर्च होतं, गेल्या ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या चर्चनं मागं टाकलं. वरपर्यंत ७६८ पायऱ्या आहेत. मी निघाले मोठ्या हिमतीनं. गोल गोल अरुंद जिना, वरून उतरणारा माणूस आला की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. मधल्या गॅलरीवर पोचले, खाली पाहिलं, पाय लटपटले आणि मुकाट्यानं परत फिरले. सोबत कुणी असतं तर लाजेकाजेस्तव वर गेले असते. एकटी होते म्हणून उतरले, आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही.

या गावात जिकडंतिकडं चिमण्या आहेत, दगडाच्या, पत्र्याच्या, रंगवलेल्या. गोष्ट अशी सांगतात की चर्चच्या बांधकामासाठी लोकांनी एक लांबलचक तुळई आणली, गाडीवर आडवी. वेशीतून काही जाईना. वेसच पाडावी अशा विचारात होते, तेवढ्यात एक चिमणी चोचीत काडी धरून आली आणि काडी उभी करून भोकातून आत शिरली. मला आपलं क्वार्टरमधलं लोखंडी कपाट आठवलं. चार माणसं अर्धा तास दाराशी घाम गाळत होती आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, दार उचलून काढा ना बिजागरीतून!” उल्ममध्ये तुझा पुतळा झाला असता.

सुट्टी म्हणजे इथं दुकानं बंद, अगदी किराणासुद्धा. म्हणून घरून थालीपीठ आणि दही नेलं होतं. डॅन्यूबच्या काठच्या जुन्या तटावर बसून डबा उघडला. शेजारी एक आजी येऊन बसल्या, पायाशी कुत्रा. थोडा वेळ डब्याकडं बघून विचारलं, हा कसला पाव? मी तुकडा दिला. त्यांनी खाल्ला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरून दही पुढं केलं. मग त्यांनी विचारलं, “गांत्स अलाइन?” म्हणजे, अगदी एकटीच? आई, शब्दाला शब्द तुझा प्रश्न. आणि मी पटकन ‘हो’ म्हणून गेले. तुझ्याशी खोटं बोलले आणि ज्यांचं नावही ठाऊक नाही त्यांना खरं सांगितलं, हे नंतर गाडीत फार टोचलं. त्या नुसत्या “बरं केलंस” म्हणाल्या आणि आणखी एक तुकडा मागितला, दह्यासकट.

तिथूनच जवळ एका शिंप्यानं १८११ साली पंख लावून नदीवर उडी घेतली होती. बेर्ब्लिंगर त्याचं नाव. राजा बघायला आलेला, त्या दिवशी उडाला नाही. दुसऱ्या दिवशी उडाला तो थेट पाण्यात. कोळ्यांनी होडी घालून बाहेर काढलं. गावानं एवढी टर उडवली की गिऱ्हाईक तुटलं, पुढं गरिबीतच गेला. आता म्हणतात, यंत्र बरं होतं, पण नदीच्या थंड पाण्यावर वर उचलणारी हवाच मिळत नाही, दुसरीकडं कदाचित तरंगला असता. आई, तू ब्लाउज शिवून आमच्या फिया भरल्यास, तुला या माणसाचं वाईट वाटेल म्हणून लिहिलं. आइन्स्टाइनही इथलाच, पण सव्वा वर्षाचा असतानाच घरच्यांनी गाव सोडलं आणि जन्माचं घरही युद्धात गेलं. गाव तरी मिरवतंच.

संध्याकाळी सातला घरी. गुडघे अजून दुखताहेत.

जूनमध्ये पुन्हा एक सुट्टी येतेय, तेव्हा नदीकाठची दुसरी गावं बघेन म्हणते. सांगून जाईन. आणि आई, भाजणी तळाला गेलीय. पुढच्या महिन्यात मावशीकडचं कुणी इकडं येणार असेल तर किलोभर धाड, थोडी जास्तच. त्या तटावर पुन्हा बसायचं आहे.

तुमची,
चिमी