पाचोळा गाडीत घालू नका, जुलैत लागेल

महोदय,

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मोठा पर्जन्यवृक्ष आहे. फेब्रुवारी-मार्चात त्याची पानगळ सुरू झाली की पाचोळ्याची पोती भरून कचऱ्याच्या गाडीत चढतात, आणि जूनमध्ये चार हात लॉनसाठी खताच्या गोणी विकत येतात. मिटिंगमध्ये मी हे काढलं, तर ‘काकू, पाचोळ्यात साप येतात’ एवढ्यावर विषय मिटला.

चार वर्षं मी गॅलरीत, भोकं पाडलेल्या जुन्या पिंपात घरचा ओला कचरा जिरवते. पहिल्या पावसाळ्यात पुरती फजिती झाली. मेथीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा नुसताच टाकत गेले. तळाशी काळं पाणी साचलं, आंबूस वास सुटला आणि एका रात्री पांढुरक्या अळ्या थेट शेजारच्या आजोबांच्या चपलांपर्यंत पोहोचल्या! बिचाऱ्या अळ्या निरुपद्रवी, कचराच खात होत्या. पण हे आजोबांना कोण सांगणार? चूक माझी होती. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र भरपूर, कर्ब कमी. तो दबून बसला की आत हवा खेळत नाही, मग कुजण्याऐवजी सडतो. आता एक वाटी ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या सुका पाचोळा घालते, आठवड्यातून एकदा खालीवर करते. भर पावसातही वास नाही. पर्जन्यवृक्षाची पानं बारीक, तशीच चालतात. बदामाची जाड पानं मात्र चुरून घालावी लागतात. तीनेक महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं, त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो.

लॉनला तर याहून सोपं आहे. कापलेलं बारीक गवत माळ्याने तिथेच पसरू द्यावं, पावसाआधी चाळलेलं खत वर भुरभुरावं. युरिया कशाला?

2016 च्या घनकचरा नियमांनी मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. आमची 28 बिऱ्हाडं त्यात बसत नाहीत, म्हणून कुणाला घाई नाही. मुलुंडचं डम्पिंग 2018 साली बंद झालं तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास टाकला. आता आमचा पाचोळा कांजूरमार्गच्या डम्पिंगच्या वाट्याला.

यंदा पाच पोती मी पंपाच्या खोलीमागे ठेवून घेतली आहेत. ही ‘अडगळ’ हलवायला कमिटीने आठ दिवसांची मुदत दिली आहे. निदान पावसाळा संपेपर्यंत ती राहू द्यावीत.

– एक गृहिणी, मुलुंड (पूर्व)