उतरता येतं, चढायचं कोण शिकवणार?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला गुलमर्गवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, फोटो तर फारच. पण शेवटी ‘ज्यांना ऑफ-पीस्ट जमतं त्यांनी युरोपात जाऊन स्की टूरिंगचा कुठलाही प्राथमिक कोर्स करावा’ असं एका ओळीत उरकलं आहे. त्या ‘कुठलाही’साठी हे पत्र. कारण तो कुठलाही कोर्स मी करून बसले आहे.

मी मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं झ्युरिकमध्ये. तरी बर्फाची गोडी लागली ती गुलमर्गलाच. गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवाटच्या डोंगरावर जायचं, जवळजवळ चार हजार मीटरवर, आणि आखून-दाबून ठेवलेला उतार सोडून भुसभुशीत बर्फातून खाली यायचं. तो आखलेला उतार म्हणजे पीस्ट, आणि हे ऑफ-पीस्ट. स्की टूरिंगमध्ये गोंडोला नसतो. स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची केसाळ पट्टी चिकटवायची, टाच मोकळी ठेवायची आणि आपल्याच पायांनी डोंगर चढायचा. मखमलीवर उलटा हात फिरवला की अडतो ना, तशी ती पट्टी मागे घसरू देत नाही. माथ्यावर पट्टी सोलून काढायची, टाच अडकवायची आणि मग उतरायचं. दिवसातले चार तास चढण आणि जेमतेम पाऊण तास उतार, हे गणित मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

पहिला कोर्स तीन दिवसांचा होता. माहितीपत्रकात ‘चांगलं स्कीइंग येणाऱ्यांसाठी तोंडओळख’ असं लिहिलेलं. आठ जणांतल्या पाच जणांनी पीस्ट कधी सोडलेला नव्हता. म्हणून पहिला अख्खा दिवस लिफ्टने वर जाऊन मऊ बर्फात वळायचं कसं, यात गेला. माझ्यासाठी ते म्हणजे पोहणाऱ्याला फुगे बांधून हौदात सोडण्यातला प्रकार. मी मनातून जरा फुशारलेही होते, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी चढण आली आणि फुशारकी उतरली. उतार तीव्र झाला की घाटरस्त्यासारखं नागमोडी जावं लागतं. प्रत्येक वळणावर ‘किक टर्न’. वरची स्की उचलून नव्या दिशेला ठेवायची, सगळं वजन तिच्यावर द्यायचं आणि मागे राहिलेल्या पायाच्या टाचेने हलका झटका मारायचा, म्हणजे त्या स्कीचं टोक वर उचललं जाऊन वळून येतं. माझं टोक दर वेळी दुसऱ्या बुटात अडकायचं. स्की माझ्या स्वतःच्या, मधोमध १०८ मिलिमीटर रुंद, खोल बर्फासाठी हौसेने घेतलेल्या, आणि वजनाला धोंडे. तिसऱ्या वळणावर मी पडले आणि घसरत एका बासष्ट वर्षांच्या बाईंच्या पायाशी जाऊन थांबले. बाईंनी पीस्टबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं, पण किक टर्न असा, जणू देवाला फूल वाहतायत. नंतर म्हणाल्या, वीस वर्षं योगासनं करते. आता यावर साताऱ्याच्या मुलीने काय बोलावं?

त्या दिवशी कोणाच्या तरी टाचेला फोड आला म्हणून साडेतीनशे मीटर चढून सगळे परत फिरलो. तिसऱ्या दिवशी धुकं. हॉटेलच्या खोलीत हिमस्खलनावर व्याख्यान झालं आणि प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे जे येत होतं ते पुन्हा शिकवलं आणि जे येत नव्हतं ते राहूनच गेलं. फसवलं कोणी नाही, पण मी विचारलंही काही नव्हतं.

पुढच्या वर्षी मात्र पैसे भरायच्या आधी फोन केला. रोज किती मीटर चढवणार? एका गाइडमागे किती जण? गाइड आंतरराष्ट्रीय मान्यतेचा पर्वत-गाइड आहे की नुसता स्की शिक्षक? आणि मुख्य म्हणजे, बाकीच्यांना ऑफ-पीस्ट येणं सक्तीचं आहे का? पलीकडच्या माणसाने उत्तरं दिली आणि उलट मलाच विचारलं, पाठीवर सॅक घेऊन आठशे मीटर न थांबता चढाल का? मी मनात हिशेब केला, अजिंक्यतारा पायथ्यापासून अडीच वेळा तरी. हो म्हटलं. मग तो म्हणाला, रुंद स्की घरी ठेवा, हलक्या भाड्याने घ्या. सकाळच्या कडक बर्फावर तिरकं चालताना रुंद स्की कड धरत नाही. एवढ्यावरच माझा विश्वास बसला. कोर्स पहिल्याच्या दीडपट महाग होता, पण गाइडमागे आम्ही पाचच.

पहिल्याच सकाळी गाइडने मला मागून हाक मारली. ‘बोलत का नाही?’ धाप लागली होती. ‘मग चुकतंय.’ तासाला तीनशे-चारशे मीटर चढायचं, पण गप्पा मारता येतील अशा चालीने. गड चढताना आमच्या ग्रुपमधले थोरले दादा नेमकं हेच सांगायचे. लिफ्टची सवय लागली आणि मी विसरले. दुपारी माझी एक स्किन बर्फात पडली, गोंदाला बर्फ चिकटला आणि ती काही केल्या स्कीला धरेना. त्याने ती पुसून माझ्याच जॅकेटच्या आत पोटाशी ठेवायला लावली. दहा मिनिटं ओलं मांजर पोटाशी धरल्यासारखं वाटलं, पण चिकटली.

खरा कोर्स संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर असायचा. दावोसच्या हिम-संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रक हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला येतं. ते वाचायचं, नकाशावर तीस अंशांपेक्षा तीव्र उतार रंगवलेले असतात ते बघायचे, आणि उद्याचा मार्ग आम्हीच आखायचा. गाइड गप्प. शेवटी एकच प्रश्न, ‘परत कुठून फिरणार?’ दुसऱ्या दिवशी धोका पाचपैकी तिसऱ्या पातळीवर होता. माथा दीडशे मीटरवर दिसत असताना, वाऱ्याने साठवलेल्या बर्फाच्या उतारापाशी मी ‘फिरू या’ म्हटलं. जीव हळहळला. त्याने नुसती मान हलवली.

गुलमर्गला हा निर्णय मी एकदाही घेतला नव्हता. दुसरा टप्पा सुरू आहे की बंद, एवढंच बघायचे. १ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच अफरवाटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले, ती बातमी आपल्या वाचकांना आठवत असेल. बीकन (बर्फात गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ-यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) तेव्हाही माझ्या सॅकमध्ये असायचं, पण वापराचा सराव शून्य. या कोर्सात गाइडने पिशवीत बीकन घालून बर्फात पुरला. पहिल्यांदा शोधायला मला सात मिनिटं लागली, चौथ्यांदा तीन. गाडलेल्या माणसाच्या हाताशी साधारण पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात.

आपल्या पुरवणीत कोर्सच्या दरांचा तक्ता दिला आहे. पुढच्या वेळी त्यात आणखी दोन रकाने घालावेत ही विनंती: रोजची चढाई किती मीटर, आणि एका गाइडमागे माणसं किती. पुण्याहून येत्या फेब्रुवारीत इकडे येणाऱ्या माझ्या मावसभावाने तोच तक्ता मला पाठवून ‘ताई, यातला सगळ्यात स्वस्त घेऊ ना?’ असं विचारलं आहे.

आपली,
एक वाचक, झ्युरिक