तीन दिवस राहिला तर…

नगर (नवं नाव अजून तोंडात बसलेलं नाही)
रविवार, दुपार

प्रिय सुधीर,

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "तुमच्या बायबलच्या शेवटी ते नॉस्ट्रडॅमससारखं भविष्य आहे ना? जगबुडी, ६६६ वगैरे?" मी हो-हो करून विषय बदलला, कारण गॅसवर दूध होतं आणि लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. दूध उतू गेलंच. ओटा पुसून झाला, बोलणी खाऊन झाली, आता निवांत लिहितो.

आधी घरातली एक गोष्ट. मी सातवीत असताना एक फिरते उपदेशक आमच्याकडे उतरले. त्यांना दर्शनं व्हायची. संध्याकाळच्या प्रार्थनेत डोळे मिटून, आवाज चढवून ते सांगायचे की या घरावर मोठा आशीर्वाद उतरतोय. चौथ्या दिवशीच्या दर्शनात कोंबडी आली. आईनं कापली. सातव्या दिवशी दुसरी गेली. अकराव्या दिवशी सकाळी दादा चहा घेता घेता शांतपणे म्हणाले, "मलाही आज पहाटे दर्शन झालं. तुम्ही पुण्याच्या एसटीत खिडकीशी बसलेले दिसलात." तिकीटही त्यांनीच काढून दिलं.

दादांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी जे केलं त्याला पार पहिल्या-दुसऱ्या शतकातला आधार आहे. 'दिदाखे' म्हणजे 'शिकवण' नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका आहे. तिचं नाव जुन्या लेखकांच्या लिखाणात यायचं, पण अख्खी पुस्तिका कोणी पाहिलेली नव्हती. १८७३ मध्ये ब्रिएनिओस नावाच्या ग्रीक धर्मगुरूंना कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात १०५६ सालचं एक हस्तलिखित सापडलं, त्यात ती होती. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी बाप्तिस्मा कसा द्यावा, उपवास कधी करावा, असं सगळं तिच्यात आहे. आणि दारात येणाऱ्या संदेष्ट्यांचं काय करायचं, तेही आहे. प्रेषित म्हणून आलेल्याला ठेवून घ्या. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा! निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या संचारात 'पान वाढा' म्हणाला आणि स्वतःच त्या पानावर बसला, तर तोही खोटा. अकरा दिवस आणि दोन कोंबड्या यांचा निकाल त्यात केव्हाच लागलेला होता.

हे वाचून मी आधी पोट धरून हसलो. मग लक्षात आलं, या नियमांत 'त्याचं भाकीत खरं ठरलं का बघा' असं कुठेच म्हटलेलं नाही. माणूस वागतो कसा, एवढंच बघायला सांगितलंय. आणि हे संदेष्ट्यांना कंटाळलेले लोकही नव्हेत. खरा संदेष्टा तुमच्यात राहू म्हणाला, तर द्राक्षारसाचा, खळ्यावरच्या धान्याचा, गुराढोरांचा पहिला वाटा त्याला द्या, असं तीच पुस्तिका सांगते. आणि तुमच्याकडे संदेष्टाच नसेल, तर तो वाटा गरिबांना.

तुझ्या प्रश्नातली मेख इथेच आहे. 'संदेष्टा' म्हटलं की आपल्याला पोपटवाल्यापासून पंचांगापर्यंत सगळं आठवतं. पण शब्द बघ ना: संदेश देणारा. बायबलमधला, इसवीसनापूर्वी आठव्या शतकातला आमोस स्वतःला मेंढपाळ आणि उंबरांची निगा राखणारा म्हणवतो, 'मी संदेष्टा नाही' असंही ठणकावतो, आणि गरिबाला जोड्यांच्या किमतीला विकणाऱ्यांवर तुटून पडतो. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलं की संदेष्ट्यानं बोलायचं ते लोकांची उभारणी, धीर आणि सांत्वन यांसाठी. दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी ते पारखावं. पुढं काय होणार हे सांगणारेही होतेच, नाही असं नाही. अगब नावाच्या संदेष्ट्यानं दुष्काळाची खबर आधी दिली, तर अंत्युखिया शहरातल्या मंडळीनं लगेच यहुदीयातल्या भावांसाठी वर्गणी काढली. भविष्य कळल्यावर त्यांनी काय केलं, तर मदत गोळा केली.

आता तुझं ते शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण. ते मुळात पत्र आहे, सुधीर. मी तुला लिहितोय तसंच. 'योहानाकडून आशियातल्या सात मंडळ्यांना' अशी चक्क सुरुवात आहे. आशिया म्हणजे रोमन प्रांत, आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग. बहुतेक अभ्यासक ते इ.स. ९५ च्या आसपास, डोमिशियन बादशहाच्या शेवटच्या वर्षांतलं मानतात. योहान तेव्हा पात्म बेटावर होता, देवाच्या वचनामुळे, असं तो स्वतः लिहितो. तिथून समोरासमोर बोलता येत नव्हतं, म्हणून लिहिलं. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक धन्य, असं सुरुवातीलाच आहे. म्हणजे एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सात गावांचा क्रमही बघ: इफिस, तिथून वर स्मुर्णा, पर्गम, मग वळून थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. नकाशावर बोट फिरवलंस तर पोस्टमनची फेरी दिसेल.

शेवटच्या लावदिकीयाला तो लिहितो, तू थंड नाहीस, उष्णही नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला ओकून टाकणार. लहानपणी मला वाटायचं कोमट म्हणजे श्रद्धा कमी. नंतर तिथल्या पाण्याबद्दल वाचलं. जवळच हिरापलीला औषधी गरम पाण्याचे झरे (आजचं पामुक्काले), दुसऱ्या बाजूला कलस्सैला थंड पाणी. लावदिकीयाचं पाणी मात्र दगडी नळांतून लांबून यायचं. ते दगडी नळ आजही तिथं पडलेले आहेत, आतून क्षाराचे थर चढून अर्धे बुजलेले. आपल्या बोअरच्या पाण्यानं बादलीला चढतो ना तसला थर, फक्त त्याहून कितीतरी जाड. गरम शेकायला, थंड प्यायला, हे कशालाच नाही! आणि 'मी धनवान आहे, मला काही उणं नाही' म्हणणाऱ्या याच गावानं इ.स. ६० च्या भूकंपानंतर बादशहाची मदत न घेता स्वतःला पुन्हा उभं केलं होतं. ऐकणाऱ्यांच्या वर्मी कुठं लागेल, हे योहानाला पक्कं माहीत होतं.

६६६ चंही तसंच. पुस्तकात एक श्वापद येतं, त्याचा हा आकडा. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांच्या किमती असतात. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमन बादशहा नीरो, हे हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज कर: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. ६६६ भरतात. लॅटिन उच्चाराप्रमाणे शेवटचा 'न' गाळला तर ६१६, आणि काही जुन्या प्रतींत खरोखरच ६१६ आहे. हा खेळ तेव्हा गल्लीबोळात चालायचा. पाँपेईच्या एका भिंतीवर कुणीतरी खरडलंय, 'जिचा आकडा ५४५ आहे तिच्यावर माझं प्रेम आहे.' पोरीचं नाव तिलाच कळावं, तिच्या बापाला नको! नीरोनं ६८ मध्ये जीव दिला, तरी तो परत येणार अशी आवई उठत राहिली, तोतये नीरोही निघाले. त्यामुळे प्राणघातक जखम बरी झालेलं श्वापद म्हणजे कोण, हे ऐकणाऱ्यांना चटकन कळलं असावं. आणि सात टेकड्यांवर बसलेली बाबेल म्हणजे रोम, हे तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मला सगळ्यात जास्त हलवतो तो अठरावा अध्याय. बाबेल पडते आणि व्यापारी रडतात, कारण माल घ्यायला कोणी उरलं नाही. मग मालाची यादी येते, अठ्ठावीस जिनसांची: सोनं, रुपं, मोती, तलम कापड, हस्तिदंत, दालचिनी, गहू, गुरं, घोडे… आणि अगदी शेवटी, घोडे-रथांच्याही नंतर, माणसं. गुलाम. 'माणसांचे जीव' असे शब्द आहेत. त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशी-वहीत आपलं पैठण आहे. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांतून भडोचला जायचं, तिथून जहाजानं पश्चिमेला. म्हणजे ज्या बाजारावर योहान चिडलाय, त्याचं एक टोक इथून दीड-दोन तासांवर होतं.

अजून एक, मग थांबतो. बायबलमधलं दानिएलाचं पुस्तक आजच्या रूपात लिहिलं गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात, इसवीसनापूर्वी १६७ ते १६४ च्या सुमारास, अंत्युखस राजानं ज्यूंचा छळ मांडला तेव्हा, पण नाव जुन्या काळातल्या दानिएलाचं. तशी पुस्तकं जुन्या ऋषींच्या नावावर घालायची रीतच होती. त्यात दानिएलाला आज्ञा होते: हे पुस्तक मोहर लावून बंद कर. योहान मात्र स्वतःच्या नावानं लिहितो आणि त्याला सांगितलं जातं: मोहर लावू नकोस. पुढच्या शतकांनी ते उघडं पत्र पुन्हा बंद केलं, असं माझं मत. दर पिढी त्यात आपल्याच काळाचा हुकूमशहा शोधत बसते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर नेहमीच्या उपासनेत हे पुस्तक वाचतच नाहीत. ज्याची सुरुवातच 'वाचणारा धन्य' अशी, ते!

डिसेंबरात तुम्ही दोघं येताय ना? सुलभावहिनींना सांग, नाताळचा फराळ चौदा तारखेपासून सुरू होतो, करंज्यांना हात लागतील. आणि तीन दिवसांचा नियम तुला लागू नाही. पान वाढा म्हणालास तरी चालेल.

तुझा,
शमुवेल

ता. क. दादांच्या 'दर्शना'ची गोष्ट आईसमोर काढू नकोस. त्या दोन कोंबड्या अंडी देणाऱ्या होत्या, ती अजून विसरलेली नाही.