पतधोरणाच्या चर्चेत पगार कुठे आहे?

मा. संपादक, स.न.वि.वि.

रेपो दरावरील (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) आपल्या अग्रलेखात महागाई आली, कर्जाचे हप्ते आले, रुपयाचा भाव आला. पगार तेवढा राहून गेला. पतधोरणाची झळ कोणाला लागणार, हे बरेचसे पगार किती लवकर हलतो यावर ठरते. मुंबईच्या गिरणगावाने याची किंमत शंभर वर्षांपूर्वी मोजली आहे.

तेव्हा वाद होता रुपयाच्या दराचा: एका रुपयाला ब्रिटिश चलनात १ शिलिंग ४ पेन्स की १ शिलिंग ६ पेन्स (१ शिलिंग म्हणजे १२ पेन्स)? सरकारने चलन आवळून धरले आणि दर ६ पेन्सांवर गेला. रुपया साडेबारा टक्के वधारला, बाहेरचे कापड सुमारे अकरा टक्क्यांनी स्वस्त झाले. कापडाचा भाव बाजारात चार दिवसांत उतरतो, मजुरी तशी उतरत नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात लागू केली आणि सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. डिसेंबरमध्ये सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर स्थगित केला, तेव्हा कुठे कपात मागे घेतली गेली. तरीही भारताच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये लिहिले की, किमती आणि मजुरी नव्या दराशी बऱ्याच अंशी जुळल्या आहेत! आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. पण १९२७ च्या कायद्याने ६ पेन्सच कायम केले.

पण म्हणून ४ पेन्सांचा दर मागणारे गिरणीमालक कामगारांचे कैवारी ठरत नाहीत. रुपया स्वस्त झाला की किमती आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते, हे डॉ. आंबेडकरांनी तेव्हाच दाखवून दिले होते. म्हणजे कपात तीच, फक्त संपाशिवाय.

आजही निराळे काय आहे? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जाचा हप्ता किंवा मुदत लवकरच वाढली. सरकारी नोकराला वर्षातून दोनदा महागाई भत्त्याचा आधार असतो. खासगी नोकरदार एप्रिलमधल्या पगारवाढीची वाट पाहतो, कंत्राटी सफाई कामगाराला तर पुष्कळदा तीही नसते. या साऱ्यांना ‘ग्राहक’ या एकाच शब्दात बसवले की धोरण सोपे दिसू लागते.

यापुढे रेपो दराच्या चौकटीशेजारी किमान वेतनावरील (महागाईनुसार बदलणाऱ्या) विशेष भत्त्याचा ताजा आकडाही छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई