बाबांचा ठोका आणि माझे ठसे

एक्सेटर, इंग्लंड, 12 ऑक्टोबर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "शिक्के मारण्याचा कसला गं छंद? ते तलाठ्याचं काम." तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. फोनवर सांगायला गेले की तुम्ही दोघं एकदम बोलता आणि बाबा मध्येच इथलं हवामान विचारतात, म्हणून लिहिते. (हवामान : पाऊस.)

दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जणी जमतो. प्रत्येकीने आपापले चित्रांचे रबरी शिक्के आणायचे, टेबलावर मांडायचे, आणि जिला जो हवा तो तिने उचलायचा. पहिल्याच दिवशी मी फजिती करून घेतली. डोळ्यांसमोर बाबांचा पोस्टातला तारखेचा शिक्का. मी मनगट उचलून धाडकन ठोका दिला, आणि कागदावर फर्नच्या पानाऐवजी हिरवा डाग उमटला! शेजारच्या आजी, वय शहात्तर, हसल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, "मारायचा नाही, टेकवायचा."

घरी येऊन विचार केला तेव्हा उलगडलं. बाबा, तुमचा शिक्का धातूचा आणि त्याखाली रबराची गादी. ठोका गादीत जिरायचा. इथे रबर वर आलं आणि खाली कडक टेबल. ठोकलं की रबर दबतं आणि खोलगट भागातली शाईसुद्धा कागदाला लागते. म्हणून शिक्का सरळ खाली आणायचा, तळव्याने सगळीकडे सारखा दाब द्यायचा, डुलवायचा नाही, आणि सरळ वर उचलायचा. शाईचंही उलटंच : शिक्का पॅडवर आपटायचा नाही, पॅड उचलून शिक्क्यावर हलके टिपायचं. पहिला ठसा रद्दी कागदावर घेऊन बघायचा. तुम्ही रोज सकाळी तारखेचे टाइप बदलून वहीत ठसा घेऊन बघायचात, तसंच. हे मी हॉलमध्ये सांगितलं तर सगळ्यांना बाबांचं कौतुक वाटलं.

आई, तुला एक प्रकार नक्की आवडेल. सावकाश सुकणाऱ्या चिकट शाईने ठसा उमटवायचा, ओला असतानाच त्यावर बारीक सोनेरी पूड भुरभुरायची आणि कागद तिरका करून उरलेली पूड डबीत परत ओतायची. मग गरम हवेच्या यंत्राने शेकलं की पूड वितळून रेघ कागदावर फुगून येते. दिवाळीची कार्डं अशीच करणार आहे. पूड झटकताना दरवेळी तुझे रांगोळीचे छापे आठवतात, फक्त इथे वारा आला तरी रांगोळी उडत नाही.

विकतच्या शिक्क्यांचा मात्र मला लवकर कंटाळा आला. आता खोडरबरावर कोरते. पहिलं 'आई' मी पेनने थेट रबरावर लिहून कोरलं. कागदावर उमटलं ते आरशातलं! आता ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढते, कागद रबरावर पालथा घालून नखाने घासते. नक्षी रबरावर उलटी जाते, छापताना सुलटी होते. कोरताना चाकू फार फिरवायचा नाही, रबर फिरवायचं. आणि रेघेच्या बाजू खाली रुंद होत जातील अशा उताराच्या ठेवायच्या. पोकळ झाल्या तर चार ठशांतच रेघ लुळी पडते.

आता बाबांसाठी राखून ठेवलेली गोष्ट. इथून जवळ डार्टमूरचं माळरान आहे, दलदल आणि खडकांचं. 1854 मध्ये जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने तिथल्या क्रॅनमेअर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचलेल्यांनी तीत आपलं नावाचं कार्ड टाकायचं. पुढे लोक तिथे पत्रं ठेवू लागले. पुढचा जो येईल त्याने आधीच्याचं पत्र घेऊन जायचं आणि पोस्टात टाकायचं. ना पोस्टमन, ना थैली! आता माळावर दगडांखाली अशा कितीतरी डब्या लपवलेल्या असतात आणि त्यांना अजून 'लेटरबॉक्स' म्हणतात. डबीत एक रबरी शिक्का आणि एक वही. तिथला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला त्यांच्या वहीत, आणि डबी होती तशीच झाकून ठेवायची.

गेल्या महिन्यात आम्ही पाच जणी गेलो. दोन तास हिंडून एकच डबी सापडली. माझी शाई पाण्यात विरघळणारी, वही भिजली आणि ठसा पसरला. आजींच्या वहीतला मात्र जसाच्या तसा, त्यांनी दुसरी शाई नेली होती आणि मला सांगितलं नव्हतं. चालायचंच.

तिथे प्रत्येकीचा स्वतःचा शिक्का असतो. आजींचा चिमणीचा आहे. माझा अजून नाही, त्या दिवशी मी उसना मारला. म्हणून एक काम सांगते. आई, तुझी सात ते चार ठिपक्यांची रांगोळी, जी तू तुळशीपुढे काढतेस, ती कागदावर काढून पाठव. काडेपेटीएवढीच, आणि रेघा जरा जाड. बारीक रेघ माझ्या हातून तुटते. बाबा, ठिपके तुम्ही पट्टीने मोजून द्या. तिला घाई असते.

कागदाची घडी घालू नका, मोडीवरची रेघ ट्रेस करताना नडते. आत पुठ्ठा घाला. आणि पाकीट द्यायला बाबांनीच पोस्टात जावं. काउंटरवर सांगा, शिक्का स्पष्ट मारा म्हणून. बुधवारी सगळ्यांना दाखवायचाय.

तुमची,
धाकटी