वाइल्डची वाक्ये गाळली, तेच बरे केले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाटकांवरून निघालेल्या मूकपटांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखाचा सूर ‘संवादच काढले, तर नाटकातले उरणार काय?’ असा होता. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबित्श यांचा १९२५ चा मूकपट ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ पाहिलेल्याला हा प्रश्न पडू नये, म्हणून हा पत्रप्रपंच.

ऑस्कर वाइल्ड यांचे याच नावाचे मूळ नाटक फेब्रुवारी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात आले (लुबित्श यांचा जन्म त्याच्या आदल्याच महिन्यातला!) आणि ते ओळखले जाते त्यातल्या टाळीच्या वाक्यांसाठी. ती वाक्ये पडद्यावरच्या पाट्यांतून दाखवणे सहज शक्य होते. लुबित्श यांनी ती गाळली आणि मूळ नाटकात नसलेला रेसकोर्सचा प्रवेश घातला. तिथे घोडे राहतात बाजूला आणि जो तो दुर्बीण वळवतो ती मिसेस अर्लिन या बदनाम बाईकडे. ती निघते, तिच्या मागोमाग एक प्रौढ गृहस्थही निघतात, आणि ते तिला गाठू लागतात तसतशी पडद्याची चौकट काळी पडत अरुंद होत जाते. एवढ्यात सगळे कळते. कॅमेरा रोवून नाटक जसेच्या तसे टिपणे निराळे. आपल्याकडे १९१२ चा ‘पुंडलिक’ तसा टिपला गेला आणि त्या काळी तेही थोडे नव्हते.

नाटकात बराच वेळ झाकून ठेवलेले गुपित, म्हणजे ही बाई लेडी विंडरमिअरची आई आहे हे, चित्रपटात प्रेक्षकाला आरंभीच कळते, त्यामुळे पुढे आपण आईची भूमिका करणाऱ्या आयरीन रिच यांचा चेहरा वाचत बसतो.

अलीकडे आमच्याकडे एका फिल्म सोसायटीने हा मूकपट दाखवला, तेव्हा एका उत्साही निवेदकाने मूळ संवाद मराठीत भाषांतरून ध्वनिक्षेपकावर वाचले. हशा भरपूर पिकला. पण परपुरुषाच्या घरी मुलीचा पंखा सापडतो आणि तिची अब्रू वाचवण्यासाठी आई स्वतःची घालवत सर्वांसमोर येते, नेमक्या त्या क्षणी अर्धे सभागृह निवेदकाकडे पाहत होते आणि निवेदक पान उलटत होते.

हा खेळ पुन्हा लावणार असाल तर निवेदकाऐवजी एखादा पेटीवाला बसवावा, अशी संयोजकांना आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे